डॉक्टरांचा स्लाइस: एका हौशी गोल्फरचं प्रकरण

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. सकाळचे सव्वासात, गोल्फच्या सराव-रेंजच्या गवतावर दव अजून तसंच. डॉक्टर आले आणि बॅग टेकवायच्या आधीच त्यांनी नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बाहेर काढला. सहा वर्षांतला तिसरा. मुलाने परदेशातून येताना आणलेला, नऊ डिग्रीचा, कडक शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा. "सर, एवढा महागाचा आहे, पण यानेही तेच होतंय."

तेच म्हणजे स्लाइस. बॉल टीवरून, म्हणजे ज्या खुंटीवर ठेवून तो मारतात तिथून, जरासा डावीकडे निघतो, शे-सव्वाशे यार्ड बरा जातो आणि मग कुणीतरी दोरी ओढावी तसा उजवीकडे वळत वळत झाडीत, नाहीतर भिंतीपलीकडे. डॉक्टर उजव्या हाताने खेळतात. डावखुऱ्याचा स्लाइस डावीकडे जातो, एवढं नवख्यांसाठी सांगून ठेवतो.

मी पुण्यात हौशी खेळाडूंना शिकवतो आणि माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. हे एक प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण हौशी गोल्फरची बरीचशी दुखणी इथे एकाच माणसात सापडली आणि मधे माझ्याकडून झालेली एक चूकही मला यातूनच कळली. लिहायला डॉक्टरांनी आनंदाने परवानगी दिली. नाव घालायचं नाही, एवढीच अट.

डॉक्टर दंतवैद्य. वय ५४, अंगाने सडपातळ, पाठ अधूनमधून धरते. कॉलेजच्या दिवसांत सलामीला खेळायचे आणि कव्हर ड्राइव्हवर त्यांचा अजून जीव आहे. गोल्फ धरला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आठवड्यातून एक फेरी, रविवारची, ठरलेल्या चौघांची. स्कोअर १०४ च्या आगेमागे, हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, २७. दोन्ही जितके कमी तितके चांगले. स्लाइस घालवण्यासाठी त्यांनी मोबाइलवरचे असंख्य व्हिडिओ पाहिले होते, आणि प्रत्येकातलं थोडं थोडं त्यांच्या स्विंगमध्ये शिल्लक होतं.

आधी हातमोजा

पहिल्या दिवशी मी त्यांना लगेच बॉल मारू दिला नाही. डाव्या हाताचा मोजा मागितला. करंगळीच्या खाली, तळव्याचा जो गादीसारखा भाग असतो, तिथे रुपयाएवढं भोक पडलं होतं. बोटांच्या बाजूचं कातडं मात्र नव्यासारखं. मोजा तिथे झिजतो तेव्हा क्लब बोटांत नसून तळव्यात धरलेला असतो आणि प्रत्येक स्विंगला तो आत घसरत असतो, असं बहुतेक वेळा निघतं. मग ग्रिप धरून दाखवायला सांगितलं. वरून पाहिलं तर डाव्या मुठीचा एकच उंचवटा दिसत होता, आणि उजवा हात हँडलवर झाकण ठेवल्यासारखा वर चढलेला. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधले व्ही हनुवटीकडे.

एवढ्यावर निदान करून मोकळं होता आलं असतं. पण आधी सगळं बघून घ्यावं या मताचा मी आहे. व्हाइटबोर्डचं मार्कर घेतलं, प्रत्येक बॉलच्या मागच्या बाजूला ठसठशीत ठिपका काढला आणि ठिपका क्लबच्या दिशेला येईल असा बॉल टीवर ठेवला. मारल्यावर ठिपक्याचा ठसा फेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर, उमटतो. तो पाहायचा, फडक्याने पुसायचा, पुढचा बॉल. वीसपैकी तेरा ठसे हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला. हे महत्त्वाचं अशासाठी, की ड्रायव्हरच्या हीलला बॉल लागला की धक्क्याने क्लबहेड एकीकडे वळतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांना उलट फिरवतात तसं बॉलला दुसरीकडे फिरवतं. हीलवरचा फटका स्लाइसमध्ये भरच घालतो. हा मार्करचा प्रयोग कुणालाही घरच्या घरी करता येतो आणि दहा मिनिटांत स्वतःबद्दल पुष्कळ कळतं.

मग दोन बांबूच्या काठ्या. एक डॉक्टरांच्या बुटांच्या टोकांना लावून जमिनीवर ठेवली, दुसरी छातीवर आडवी धरायला सांगितली आणि त्यांना मागे बोलावून दाखवली. पायांची काठी निशाणा धरलेल्या झेंड्याच्या बरीच डावीकडे, खांद्यांची त्याहूनही डावीकडे. "मी तर झेंड्याकडेच उभा होतो," ते म्हणाले, आणि खरोखर त्यांना तसंच वाटत होतं. बॉलही डाव्या टाचेच्या पुढे सरकलेला. बॉल इतका पुढे ठेवला की तिथवर पोचण्यासाठी खांदे आपोआप डावीकडे उघडतात.

शेवटी फोन. त्यांच्या मागे, हातांच्या उंचीवर फोन लावला आणि चार स्विंग टिपले. बॅकस्विंग ठीक, पण खाली येताना सगळ्यात आधी उजवा खांदा पुढे झेपावतो, क्लब शरीरापासून लांब फेकला जातो आणि बाहेरून आत, बॉलला आडवा कापत जातो.

मामांचं म्हणणं

त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर नऊ होल चाललो. काही शिकवलं नाही, फक्त मोजत होतो. बॅग उचलायला त्यांचा नेहमीचा कॅडी, ज्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी आयुष्य या मैदानावर काढलं आहे आणि ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, उतार ते माझ्यापेक्षा बरा वाचतात, हे मी मनापासून सांगतो. प्रत्येक वाईट फटक्यानंतर मामांचं एकच वाक्य होतं: "डॉक्टरसाहेब, डोकं वर आलं."

डोकं वर येत होतं, यात शंका नाही. पण खांदे लवकर उघडले की मान त्यांच्याबरोबर ओढली जाते. ते खांद्यांमागे फरपटत येणारं लक्षण आहे. ते कारण समजून खेळाडू डोकं खाली दाबून धरायला लागला की मान आखडते, खांदे पूर्ण फिरत नाहीत आणि नुसत्या हातांनी लाकूड फोडल्यासारखा फटका बसतो. डॉक्टर गेली दोन वर्षं हेच करत होते. त्यांची पाठ धरण्यात याचा वाटा असावा, असं मला तेव्हाही वाटलं.

नऊ होलचा हिशेब असा झाला. एकूण ५३. दोनदा बॉल भिंतीपलीकडे, ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. ओबीत एक पेनल्टी आणि बॉल पुन्हा त्याच जागेवरून, म्हणजे टीवरून तिसरा फटका. दोन्ही मिळून चार स्ट्रोक गेले. झाडीतून बॉल आडवा काढून फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, आणण्यात तीन. एकदा तीन मिनिटं शोधाशोध झाली (२०१९ पर्यंत शोधायला पाच मिनिटं मिळायची, आता तीनच) आणि बॉल शेवटच्या क्षणी सापडला. इथपर्यंत सात. आता ग्रीनभोवती पाहा: दोन चिप, म्हणजे ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके, जमिनीत रुतल्या, एक बॉलच्या पोटावर बसून ग्रीनपलीकडे सुसाट गेली, आणि तीन ग्रीनवर प्रत्येकी तीन पट (बॉल होलकडे घरंगळवायचे फटके), म्हणजे एकेक जास्तीचा. इथेही सहा.

कागद पाहून डॉक्टर बराच वेळ गप्प होते. "मला वाटत होतं, सगळं ड्रायव्हरचंच आहे." असं वाटणं स्वाभाविक आहे. भिंतीपलीकडे गेलेला बॉल चारचौघांना दिसतो, आवाज करतो, मनाला लागतो. आठ यार्डांवरून रुतलेली चिप कुणाच्या लक्षातही राहत नाही. कार्डावर मात्र दोघांची किंमत सारखी लागते.

दुखतो एक, किडलेला दुसरा

क्लब आणि बॉल यांची गाठ पडते ती साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची. ४६ ग्रॅमच्या आतबाहेरच्या त्या बॉलला आपण काय ठरवलं होतं, व्हिडिओत काय पाहिलं होतं, हे काही कळत नाही. फेस कुठे पाहतोय, क्लब कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जातोय, फेसच्या कुठल्या भागावर गाठ पडली, एवढंच त्याला कळतं. पूर्वी आम्हाला शिकवलं गेलं होतं की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेकडे वळतो. रडारवर चालणारी यंत्रं आली तेव्हा कळलं की बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे पाहतो तिकडे, आणि वळतो तो फेस व स्विंगचा रस्ता यांच्यातल्या फरकामुळे. फरक जितका मोठा, वळण तितकं मोठं.

हे डॉक्टरांच्या बॉलला लावून बघा. बॉल किंचित डावीकडे निघतो, म्हणजे फेस किंचित डावीकडे पाहतोय. तरी उजवीकडे वळतो, म्हणजे क्लबचा रस्ता त्याहूनही डावीकडे चाललाय. आयुष्यभर "फेस उघडा राहतो", म्हणजे उजवीकडे पाहतो, असं ऐकलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. फेस उघडा आहेच, पण झेंड्याशी नाही, स्वतःच्या रस्त्याशी.

आणि रस्ता इतका डावीकडे गेला कसा? सहा वर्षांपूर्वी तळव्यातली ग्रिप, त्यामुळे उघडा फेस, बॉल उजवीकडे. मग त्यांनी शहाण्या माणसाने करावं ते केलं: थोडं डावीकडे धरून उभे राहिले. डावीकडे उभं राहिलं की खांदे उघडले. खांदे उघडले की क्लब बाहेरून आत आला आणि बॉलला जास्त कापू लागला. बॉल आणखी उजवीकडे. मग आणखी डावीकडे धरायचं. दर महिन्याला औषधाचा डोस वाढत गेला आणि औषधच आजार वाढवत होतं.

हे समजावताना डॉक्टरांनीच मला थांबवलं. "आमच्याकडे पेशंट सांगतो वरची दाढ दुखतेय, आणि किडलेली निघते खालची." मग म्हणाले, पहिल्या वर्षाची मुलं तोंडातल्या छोट्या आरशात बघून काम करायला लागतात तेव्हा हात हमखास उलट्या बाजूला नेतात. आरशात बघून दुरुस्ती करायला जावं तर चूक वाढते. काही आठवडे गेले की हाताला उलटं सुलटं वाटायला लागतं. त्यानंतर मला या विषयावर जास्त बोलावं लागलं नाही.

क्रिकेटचा मुद्दा मात्र मीच काढला, कारण आपल्याकडच्या चाळिशीनंतर आलेल्या गोल्फरांत तो फार वेळा आडवा येतो. सरळ बॅटने ड्राइव्ह करताना डावा कोपर उंच, बॅटचा चेहरा बॉलकडे धरून ठेवायचा, मनगटं फिरवायची नाहीत. तिथे ते बरोबरच आहे, बॅटचा दांडा पात्याच्या मधोमध असतो. गोल्फ क्लबचा शाफ्ट मात्र हेडच्या एका टोकाला जोडलेला. बॅकस्विंगमध्ये ते हेड उघडतंच, आणि खाली येताना पुढचे हात फिरून ते मिटलं नाही तर उघडंच राहतं. डॉक्टरांच्या हातांनी तीस वर्षं न फिरण्याचा सराव केला होता. क्रिकेटमधून आलेल्यांनी हताश व्हायचं कारण नाही. कपिल देव निवृत्तीनंतर या खेळात इतके रमले की २०२४ मध्ये भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरचे अध्यक्ष झाले. नजर, तोल, वेळ साधणं हे सगळं बरोबर येतं. उलगडावी लागते ती एक सवय.

राहिला ड्रायव्हर. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन (ते नऊ डिग्री हेच), कमी असला की बॉलला मागची फिरकी कमी मिळते, मग त्याच चुकीत बॉलचा अक्ष जास्त कलतो आणि बॉल जास्त वळतो. म्हणून तर त्याच माणसाचा जास्त लॉफ्टच्या सात नंबरच्या आयर्नने मारलेला बॉल ड्रायव्हरइतका वळत नाही. नऊ डिग्रीचा ड्रायव्हर स्लाइस मारणाऱ्याच्या हाती देणं म्हणजे दुखऱ्या दाताला बर्फ लावणं.

चौथा ड्रायव्हर घ्यायचा का, असं त्यांनी विचारलं. गरज नव्हती. शाफ्टच्या गळ्याशी फिरवता येणारी कडी होती. बॅगेच्या खिशात न उघडलेल्या पाकिटात तिची किल्ली सापडली. लॉफ्ट दीड डिग्रीने वाढवला. तसं करताना फेसही थोडा मिटतो, तोही फायदाच.

पहिले तीन आठवडे आणि माझी चूक

आधी फेस, मग रस्ता. हा क्रम मी सोडत नाही. फेस तसाच ठेवून फक्त रस्ता सुधारला असता तर बॉल सुरुवातीपासूनच उजव्या भिंतीकडे गेला असता, आणि कुठल्याही माणसाचं शरीर असा फटका दुसऱ्यांदा मारायला तयार होत नाही.

ग्रिप बदलायला दिवाणखाना बरा, रेंज नाही. डाव्या हाताची बोटं खाली सोडायची. हँडल तर्जनीच्या मधल्या सांध्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरकं ठेवायचं, आधी बोटं मिटायची, मग तळव्याची ती गादी हँडलच्या वर बसवायची. वरून पाहिलं की दोन ते तीन उंचवटे दिसले पाहिजेत. उजवा हात बाजूने, खालून आल्यासारखा. दोन्ही व्ही उजव्या खांद्याकडे. रोज रात्री टीव्हीसमोर जुना सात नंबर घेऊन वीस वेळा धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. बॉल नाही, स्विंग नाही. "हे हात माझे वाटतच नाहीत," असं त्यांनी चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं. मी म्हटलं, उत्तम.

हातांच्या पकडीच्या दाबाबद्दल मला काही सांगावं लागलं नाही. एवढंच म्हटलं, डॉक्टर, कवळीचा साचा काढताना जेवढा धराल तेवढा.

रेंजवर फक्त अर्धे स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत. मागे क्लब कमरेशी आला की टो, म्हणजे क्लबहेडचं हीलच्या विरुद्ध टोक, आकाशाकडे, पुढे कमरेशी गेला की पुन्हा टो आकाशाकडे. दुसऱ्या बाजूला टो वर आलेली दिसली की समजायचं हात फिरले. दहा दिवसांत अर्ध्या स्विंगचा बॉल उजवीकडे वळणं बंद झालं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी ठरलेली फेरी खेळली. पहिल्याच टीवर बॉल थेट डावीकडच्या झाडांत. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर तर डावीकडे निघून आणखी डावीकडे. बरोबरचे तिघं आधी हसले, मग काळजीने सल्ले देऊ लागले. पाचव्या होलला डॉक्टरांनी हात पुन्हा जुन्या जागी नेले, डावीकडे धरून उभे राहिले आणि आपला ओळखीचा स्लाइस मारला. संध्याकाळी मला निरोप आला: "सर, हे मला जमणार नाही बहुतेक." पुढचा आठवडा ते आलेच नाहीत.

चूक माझी होती. हात कसे धरायचे ते मी सांगितलं, पण बॉल काय करेल ते सांगितलं नाही. फेस मिटायला लागला आणि रस्ता अजून जुनाच, तर बॉल डावीकडे जाणारच, तसंच व्हायला हवं. डावीकडे गेलेला पहिला बॉल म्हणजे दुरुस्ती सुरू झाल्याची खूण. ही खूण आधी माहीत असती तर त्यांनी ती मोजली असती. माहीत नव्हती, म्हणून घाबरले. दात काढल्यावर दोन दिवस सूज राहील, हे डॉक्टर प्रत्येक पेशंटला खुर्चीतून उठायच्या आधी सांगतात. मी ते सांगितलं नव्हतं.

फोन करून मी त्यांना हेच सांगितलं, आणि सलग तीन रविवार स्कोअर लिहायचा नाही अशी विनंती केली. त्यांनी ऐकली. त्यांच्या जागी दुसरा कुणी परत आला असता का, याची मला खात्री नाही.

रस्ता कव्हरचा, मनगट फ्लिकचं

डिसेंबरात रस्त्याचं काम सुरू झालं. बॉल डावीकडे जायला लागला की शरीर स्वतःच उजवीकडे मारायला बघतं. शिकवणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी मी त्यांच्या जुन्या खेळाची मदत घेतली. उजव्या हाताच्या फलंदाजाने बॉलरच्या डोक्यावरून मारायचं तर झेंडा म्हणजे बॉलर. डॉक्टरांचा क्लब मिड-ऑनकडे चालला होता, आडव्या बॅटने. "ऑफस्पिनरला एक्स्ट्रा कव्हरवरून इनसाइड-आउट मारायचात ना, तोच रस्ता." त्यांचा चेहरा उजळला. फरक एवढाच, की तिथे चेहरा उघडा धरतात, इथे मनगट फ्लिकसारखं फिरायला हवं. रस्ता कव्हरचा, मनगट फ्लिकचं. हे वाक्य त्यांनी हँडलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.

शब्द पुरत नाहीत, म्हणून अडथळाही ठेवला. ड्रायव्हरचं कापडी कव्हर बॉलच्या जरा मागे, चार बोटं बाहेरच्या बाजूला. बाहेरून आलेला क्लब आधी कव्हरला लागतो, धप्पकन आवाज होतो. पहिल्या दिवशी दहापैकी आठ वेळा कव्हर उडालं. उजवा पाय वीतभर मागे घेतला, बॉल डाव्या टाचेच्या आत आणला, आणि वर गेल्यावर क्षणभर पाठ झेंड्याकडेच ठेवून हात खाली सोडायला सांगितले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कव्हर दहापैकी दोनदाच उडत होतं आणि मार्करचे ठसे हीलवरून मध्याकडे सरकले होते.

रेंजवर शंभर बॉलची बादली रिकामी करायची सवय मी मोडली. तीस बॉल, प्रत्येकाआधी मागे जाऊन निशाणा धरायचा, काठी तपासायची. जमेल तेव्हा मॅटऐवजी गवतावरून. मॅट खोटं बोलते: क्लब आधी जमिनीला लागला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो.

मामांनाही कामाला लावलं. आता डोक्याबद्दल बोलायचं नाही, सरावाच्या वेळी मागे उभं राहून फक्त खांदे पाहायचे. स्पर्धेत हे चालत नाही. २०१९ पासून खेळाडू पवित्रा घ्यायला लागला की कॅडीने त्याच्या मागे निशाण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, असा नियम आहे. मामांना नियम माझ्याआधी माहीत होता. सरावात मात्र ते मनापासून उभे राहिले, आणि "खांदे, डॉक्टरसाहेब" हा त्यांचा शब्द पुढे माझ्या सगळ्या शिकवणीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

ग्रीनभोवतीचे सहा स्ट्रोक

इथेही रोग त्याच जातीचा. बॉल वर उचलला जावा म्हणून डॉक्टर त्याच्याखाली क्लब घालून पळीने वाढल्यासारखा उचलायला बघत. वजन उजव्या पायावर जाई, क्लब बॉलच्या आधी जमिनीत, नाहीतर वर येताना बॉलच्या पोटावर. बॉल वर नेण्याचं काम लॉफ्ट करतो. आपण फक्त खाली जायचं.

वजन डाव्या पायावर आणि तिथेच, हात बॉलच्या थोडे पुढे, आणि घडी घातलेला नॅपकिन बॉलच्या मागे वीतभर अंतरावर. नॅपकिनला न लागता बॉल मारायचा. उंच जाणाऱ्या वेजऐवजी आठ नंबरचा आयर्न दिला. हिवाळ्यात आपली मैदानं कोरडी असतात, बॉल छान पळतो, मग तो उगाच हवेत कशाला न्यायचा? दोन आठवड्यांत रुतणाऱ्या चिप जवळजवळ गेल्या. पटिंगमध्ये मी ग्रिपला वा पवित्र्याला हातच लावला नाही. लांबून पहिला पट जवळ जात नव्हता, म्हणून होलकडे बघत बघत दहा, वीस, तीस पावलांवरून मारायला लावलं, एवढंच.

मार्चपर्यंत

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा नऊ होल, तोच मी, तेच मामा, तोच कागद. ४७. ओबी एकही नाही. झाडीतून आडवा काढावा लागला एकदाच. तीन पट एका ग्रीनवर. बॉल अजूनही उजवीकडे वळतो, पण दहा-बारा यार्ड, आणि फेअरवेवर उतरतो. त्याला मी हात लावणार नाही. असा हलका फेड घेऊन माणूस आयुष्यभर सुखाने खेळतो. ड्रायव्हर पूर्वी १९० यार्ड जायचा, आता २०५ च्या पुढे जातो, तेही जास्त जोर न लावता. बॉलला कापण्यात जाणारी ताकद पुढे जायला लागली, बाकी काही नाही.

हँडिकॅप मात्र २७ वरून २५ वरच आला आहे. डॉक्टर त्यावर थोडे खट्टू झाले. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांवरून तो काढतात. आठवड्याला एक फेरी, त्यात तीन रविवार लिहिलेच नाहीत. आकडा सावकाशच हलणार.

सगळं बरं झालेलं नाही. उजवीकडे भिंत असलेल्या होलला, पैज लागलेली असली की, उजवा खांदा अजून पुढे येतो. कंबर पूर्ण फिरत नाही, ती या वयात फारशी फिरणारही नाही, म्हणून उजवा पाय थोडा मागे ठेवायचा तो कायमचाच ठेवला आहे. त्या होलला ते ड्रायव्हर ठेवून पाच वूड, म्हणजे त्याहून आखूड क्लब, घेतात. हा निर्णय त्यांचा, आणि मला तो फार आवडला. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की चिप पुन्हा रुतायला लागतील, तेव्हा नॅपकिन परत काढावा लागेल.

परवा फेरी संपल्यावर डॉक्टर चहाला थांबले. मोजा काढून टेबलावर ठेवला. डिसेंबरात घेतलेला, तीन महिने वापरलेला. मी उचलायच्या आधी मामांनीच तो उचलला, उलटा केला आणि उन्हाकडे धरला. तळव्याची गादी शाबूत होती. करंगळी आणि तिच्या शेजारच्या दोन बोटांच्या मुळाशी कातडं काळवंडून पातळ झालं होतं.